सहा नंबरची भाकरी

जालना

चिपळूणचा माणूस जालन्याला निघाला की गाव दोन गोष्टी गृहीत धरतं : एक तर लग्न ठरवायला चाललाय, नाहीतर बियाणं आणायला. माझी मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली आणि माझ्या मालकीची शेती म्हणजे परसातली दोन पपईची झाडं. त्यामुळे शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "भाकरीसाठी चाललोय." बायको आतून म्हणाली, "घरात पीठ आहे म्हणावं."

तेहतीस वर्षांपूर्वी संख्याशास्त्राची नवी कोरी पदवी घेऊन मी ज्वारीच्या एका संशोधन योजनेत लागलो होतो. तेव्हा केदारखेड्याजवळच्या एका वस्तीवर पाच आठवडे राहिलो. त्या कामाचा चार पानांचा अहवाल छापून आला. त्याच्या शेवटच्या पानावर एक नाव चुकीचं आहे. छापताना चुकलेलं नाही, मीच तसं लिहून दिलं होतं. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर ट्रंक आवरताना तो अहवाल हाती आला, आणि त्या जागी जिचं नाव असायला हवं होतं ती बाई अजून आहे असं फोनाफोनी करून कळलं. ती आहे तोवर जाऊन यावं, एवढंच प्रवासाचं प्रयोजन. माझ्यासारख्या आळशी माणसाला एवढं ठरवायला वर्ष लागलं.

माघातली थंडी होती. स्टेशनबाहेर हातगाडीवर मोसंबीचा रस घेतला. रसवाल्यानं न विचारता मीठ-मसाला टाकला. मी नको म्हणालो तर म्हणाला, "बिलकुल नवे दिसता." तेव्हा इथून निघताना याच रसाची मला इतकी चटक लागली होती की चिपळूणला जाऊन कोकम सरबताला नावं ठेवायचो. आईनं ते बरंच मनाला लावून घेतलं होतं.

जालन्यात थांबायचं कारण म्हणजे अनसूयाकाकू. वस्तीवर मी ज्यांच्या घरी राहिलो त्या घरची ही मालकीण. तेव्हा पन्नाशीच्या होत्या. आता मुलाकडे शहरात असतात, ऐंशी ओलांडलेल्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज तोच, विहिरीवरून शेतातल्या माणसाला हाक मारायचा. दारातच म्हणाल्या, "सर, तुम्ही तं बारीक होता तव्हा. आता कसं भरून आल्यात."

बसलो, आणि समोरच्या भिंतीवर माझ्या अहवालाचं शेवटचं पान दिसलं. काचेच्या चौकटीत. खाली एका ओळीवर लाल शाईची रेघ : "भाकरी करणाऱ्या : श्रीमती अनसूयाबाई." काकूंचा मुलगा अभिमानानं सांगू लागला, आईचं नाव सरकारी पुस्तकात आहे, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. मी चहाच्या कपात बघत राहिलो. हेच नाव चुकीचं होतं.

गुंता काय होता ते इथंच सांगून टाकतो. आमच्याकडे ज्वारीचे सात वाण होते. कुठल्या वाणाची भाकरी चांगली होते ते गावातल्या बायकांकडून चाखून घ्यायचं होतं. पण सात भाकऱ्या एका बैठकीत चाखून कुणी नीट सांगू शकत नाही. तिसरीनंतर जीभ थकते आणि चौथीला बाई नुसतीच "बरी हाय" म्हणते. म्हणून आम्ही ब्लॉक डिझाइन वापरलं, पुस्तकी मराठीत गट आराखडा. सात बायका, प्रत्येकीला तीनच वाण. पहिलीला एक, दोन आणि चार नंबरचा. दुसरीला दोन, तीन आणि पाचचा. असं एकेक पुढं सरकत जायचं, सातच्या पुढं पुन्हा एक. कागदावर मांडून बघा, कुठलेही दोन वाण घ्या, त्या दोघांची तुलना करणारी एक बाई असतेच, आणि एकच असते. एवढ्या थोडक्या भाकऱ्यांत सगळ्यांचा न्याय होतो. मला तेव्हा हे जगातलं सर्वांत सुंदर गणित वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

आता चाखणाऱ्या सात चालतात, पण करणारा हात एकच पाहिजे, नाहीतर फरक वाणाचा की हाताचा ते कळणार कसं? मी गावात पाच-सहा जणींकडून भाकऱ्या करून घेतल्या, तराजूत तोलल्या, पट्टीनं मोजल्या. शेवंताबाईंच्या भाकऱ्या साच्यातून काढल्यासारख्या एकसारख्या. मी खुशीत येऊन काकूंना म्हणालो, "ठरलं. शेवंताबाई." काकू धान्य निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. शेवंताबाई बौद्ध वाड्यातल्या. चाखणाऱ्या सातही जणी शेतकरी घरांतल्या, ज्यांची नावं मी स्वतः उत्साहानं आधीच पक्की केलेली. हातचं खाण्याचा प्रश्न माझ्या आराखड्यात कुठंच नव्हता. चूक पुस्तकाची नव्हती, माझी होती.

काकूंनीच तोड काढली. "तिला माझ्या मागल्या दारी चूल मांडून देते. भाकरी दुरडीत घालून मी भाईर आणीन. कुणी इचारलं तं मीच केल्या म्हणीन." त्या काळी काकूंच्या मागल्या दारी तेवढं होणं हेसुद्धा लहान नव्हतं. मी हो म्हणालो. काम निभावलं, आणि अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा निभावलेलं तसंच कागदावर उतरवून दिलं. ते मात्र मला कुणीही सांगितलं नव्हतं.

काकूंचा मुलगा कामावर गेल्यावर मी काचेकडे बोट दाखवून म्हटलं, "काकू, हे..."

"पोरानं लावलं ते," त्या म्हणाल्या. "काढ म्हणलं तं ऐकत न्हाई." थोडा वेळ त्या पदराचा काठ सरळ करत बसल्या. मग विचारलं, "शेवंताकडं चाल्लात ना?"

मी मान हलवली. त्या भिंतीला धरत आत गेल्या आणि पिठाची एक पुरचुंडी घेऊन आल्या. आपल्या शेतातला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, कालच दळलेला. "हे तिला द्या. आन् मंग काय बोलायचं ते बोला."

राजूर

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या डोक्यात वार आणि तारीख असते, तिथी नसते. संकष्टी होती, आणि राजूरच्या गणपतीला अख्खा जिल्हा निघाला होता. पिठाची पुरचुंडी छातीशी धरून दीड पायावर उभा राहिलो. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, "परसाद हाय का?" दुसऱ्यांदा मी हो म्हणालो, तेव्हा त्यांनी कोपर बाजूला घेतलं.

राजूरला उतरून आधी पोटाची सोय बघितली. जालन्यातून निघताना ठरवलं होतं की राजूरला भाकरी-ठेचा खायचा. चार हॉटेलं फिरलो. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. भाकरीचं नाव काढलं तर मालकानं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं भगर मागितली. भगर मात्र अप्रतिम होती. कोकणात आम्ही तिला वरीचे तांदूळ म्हणतो आणि पांढऱ्या भातासारखी करतो. इथं तिच्यावर लालभडक आमटी ओततात आणि वर हिरवी मिरची ठेवतात. उपवासाला एवढं तिखट खाऊन देव प्रसन्न होत असेल तर आमचे सगळे उपवास वाया गेले.

त्या पाच आठवड्यांत मी एकदा शेवंताबाईंबरोबर राजूरच्या बाजाराला आलो होतो. एकसारखा तवा हवा म्हणून. त्यांनी लोखंडी तव्यांच्या ढिगातून एकेक उचलून बोटानं वाजवला आणि आठवा तवा घेतला. मी विचारलं, काय ऐकलं? तर म्हणाल्या, "ते सांगता येत न्हाई, साहेब." मी वहीत लिहिलं : "तवा : लोखंडी, व्यास अकरा इंच." आज भांड्यांच्या दुकानात सगळे तवे काळे, नॉनस्टिक, वाजवले तर आवाजच येत नाही. तरी मी एक वाजवून बघितला. दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायचा का नुसता टकटक?"

केदारखेड्याकडे

राजूरपासून पुढं वडापची जीप मिळाली. तेव्हा या दिवसांत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असायची, कणसं भरलेली, आणि संध्याकाळी बांधाबांधावर हुरड्याच्या आगट्यांचा धूर. आता कपाशीची उभी वाळकी पळाटी, मका, हरभरा, मध्येच प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. ज्वारी कुठं दिसली तर जनावरांच्या चाऱ्यापुरतं एखादं वावर. सात वाणांतला कुठला चांगला म्हणून आम्ही एवढे हिरिरीनं भांडलो, आणि शेवटी सातही गेले. मला वाईट वाटलं. भातखाऊ माणसाला ज्वारीबद्दल वाईट वाटायचं काय कारण, असं स्वतःला विचारलं, तरी वाटलंच.

जीपवाल्याला वस्ती सांगितली होती, पण त्यानं मला एक फाटा आधीच उतरवलं आणि धुरळा उडवून गेला. अर्धा तास चालावं लागलं. चालताना त्या अहवालातलं दुसरं एक कोडं आठवत होतो. सातही वाणांना गुण जवळजवळ सारखेच पडले होते. पाचापैकी चार, साडेचार, चार. आमच्या निष्कर्षात छापलं : वाणांत लक्षणीय फरक आढळला नाही. पण त्यातला सहा नंबरचा वाण पुढं ज्यांनी ज्यांनी पेरला त्यांच्या बायकांनी शिव्या घातल्या. त्याच्या पिठाला विरीच नव्हती, धरून ठेवणारा चिकटपणा नव्हता. भाकरी थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकली की तुकडे. मग सहा नंबर वाट्याला आलेल्या आमच्या तिघींना ती चांगली कशी लागली? वरिष्ठांनी मला विचारलं, मी गणित दहा वेळा तपासलं. गणितात चूक नव्हती. तेवढ्यावरून माझ्यावर कामात हयगय केल्याचा शेरा बसला आणि वर्षभरात मी ती योजना सोडून कॉलेजात शिकवायला गेलो. पुढं तीस वर्षं मुलांना हाच आराखडा शिकवला, पण सहा नंबरच्या भाकरीचा विषय निघाला नाही, म्हणजे मी काढला नाही.

वस्ती

शेवंताबाईंचं घर आता स्लॅबचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात तुळशीऐवजी शेवग्याचं झाड. सून सुजाता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, फोनवर बोलणं तिच्याशीच झालं होतं. "जय भीम, सर," म्हणून तिनं पाणी दिलं. मीही जय भीम म्हणालो. खुर्चीत शेवंताबाई बसल्या होत्या, लहानखुऱ्या झालेल्या, आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते.

"वळखलं का?" मी विचारलं.

"पट्टीवाले साहेब," त्या म्हणाल्या. "भाकर मोजणारे."

मी पुरचुंडी पुढं केली, अनसूयाकाकूंनी दिली म्हणून सांगितलं. त्यांनी गाठ सोडून पीठ चिमटीत घेतलं, नाकाशी नेलं आणि ठेवून दिलं. मग मी पाठ केल्यासारखं सगळं बोललो. की कागदावर मी दुसरं नाव लिहिलं, ते जाणूनबुजून लिहिलं, त्याची मला लाज वाटते. तेव्हा चाखायला बसलेल्या बायकांना खरं सांगायला हवं होतं, पण त्या फसल्या आणि मी त्यांना फसू दिलं.

"कोण फसलं?" शेवंताबाईंनी विचारलं.

"त्या सात जणी. त्यांना वाटलं भाकरी काकूंनी केल्या."

त्या हसल्या. सुजाताकडे बघून म्हणाल्या, "काकूची भाकर म्हणं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, काकूची भाकर एका बाजूनं जाड राह्यची. साऱ्या गावाला म्हाईत. वरून सहा नंबरचं ते पीठ. त्याची भाकर काकूच्यानं तव्यापोतर गेली नसती. दुरडी भाईर आली तव्हाच सातीजणींना हात कळला. कुणाचा हाय ते बराबर कळला."

"आणि तरी खाल्लं?"

"नाव नव्हतं ना घेतलं कुणी. नाव घेतलं असतं तं उठल्या असत्या."

मला वाटलं, आता त्या म्हणतील की मग तुम्ही केलं ते बरोबरच. पण त्यांनी तसं काही म्हटलं नाही.

"सहा नंबरची भाकरी जमली कशी?" तेहतीस वर्षांचा प्रश्न माझ्या तोंडून अखेर निघाला. "मी तर सगळ्यांना सारखं गार पाणी मोजून दिलं होतं."

"कढत पाणी घातलं. चहाच्या पातेल्यातलं. तुम्ही भाईर त्या बायांना आकडे समजावून सांगून राह्यले व्हते."

आमच्या कोकणात तांदळाच्या पिठाला उकड काढल्याशिवाय भाकरी होतच नाही, हे मला लहानपणापासून माहीत. सहा नंबरच्या बाबतीत ते मला एकदाही सुचलं नव्हतं. "पण मी सांगितलं होतं ना," माझ्या आवाजात मास्तर आला, "भाकरी फुटली तर फुटू द्यायची. फुटते की नाही तेच तर बघायचं होतं."

"सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या नावानं जाणार असती तं फुटू दिली असती. साहेबांनी सांगितलंय, फुटली तं फुटली. पर ती काकूच्या नावानं चालली व्हती. दुसरीच्या नावावर फुटकी भाकर कशी घालू?"

सुजाता चहा घेऊन दारातच थांबली. बाहेर शेवग्याखाली कोंबड्या उकरत होत्या. मी तिथं बसून तीस वर्षांचा हिशेब पुन्हा मांडला. अनसूयाकाकूंच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून या बाईनं पातेल्यातलं पाणी ओतलं होतं, आणि ते नाव तिथं ठेवायला मी हो म्हणालो होतो. गुण सारखे आले ते माझ्यामुळे. शेरा बसला तोही बरोबरच बसला होता, फक्त त्याचं कारण कुणाला ठाऊक नव्हतं.

"अजून एक आठवतं मला," शेवंताबाई म्हणाल्या. "भाकरी झाल्यावर तुम्ही त्या बायांना म्हणाला, कोणत्याबी दोघी घ्या, दोघींच्या पोटात एक नंबर सारखा सापडंल. मी दाराआडून आयकून राह्यले व्हते. लई ग्वाड वाटलं. मंग मी गणती केली. त्यात मी न्हवते."

मी पुरचुंडीची सुटलेली गाठ पुन्हा बांधू लागलो.

"आन् तुम्हीबी न्हवते. एक भाकर उरल्ती. मी तुम्हाला ताटात घालून दिली, तं म्हणाला, प्रयोग करणाऱ्यानं चाखायचं नसतं."

तसा नियम आहे. निवृत्त होईपर्यंत मुलांना शिकवला. पण तेव्हा चाखणं संपलं होतं, गुण लिहून झाले होते, आणि उरलेली भाकरी खाल्ल्यानं कुठलाही आराखडा बिघडणार नव्हता. आमच्या घरी असलं काही पाळत नाहीत, असं मी तेव्हा सगळीकडे सांगत फिरायचो. मग ती भाकरी मी का खाल्ली नाही, याचं मला देता येण्यासारखं एकच उत्तर आहे आणि ते मी त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलू शकलो नाही. त्यांना ते तेहतीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. मला रडू आलं, आणि चष्मा पुसायचं निमित्त करण्याइतकीही लाज उरली नाही.

"आज द्या," मी म्हणालो. "आज खातो."

त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. बोटं थांबत नव्हती. "तीन वरसं झाली. आता थापता येत न्हाई." म्हणजे ती भाकरी आता जगात कुठंच मिळणार नव्हती. मी एक वर्ष आळस केला म्हणून नव्हे, तेहतीस वर्षं केला म्हणून.

मग त्याच म्हणाल्या, "तुम्ही करा. मी खाते."

मी भातखाऊ आहे, मला येत नाही, हे सगळं सांगून झालं. सुजातानं गॅस पेटवला, परात आणि तवा पुढं ठेवला. तवा लोखंडी होता, कडेला झिजलेला. मी बोटानं वाजवला. तोच असावा, पण मला ते सांगता येत नाही. काकूंचं पीठ परातीत घेतलं, मळलं, थापायला लागलो. शेवंताबाई खुर्चीतून सांगत होत्या : जल्दी नको, हात फिरवा, मधून कडंकडं जा. तरी कडा फाटली. मी घाबरून पाण्याच्या भांड्याकडे हात नेला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "फुटली तं फुटू द्या. तुमच्या नावानं चाललीय."

तव्यावर तिचे तीन तुकडे झाले. त्यातला मोठा मी ताटात घालून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी थरथरत्या हातानं घास मोडला, तोंडात घातला आणि छताकडे बघत सावकाश चावला, त्या दिवशी बायका चावत होत्या तसा. माझ्या फाइलमध्ये जुना कोरा गुणतक्ता होता. मी तो काढून लिहिलं, चाखणारी : शेवंताबाई. करणारा, आणि पुढं माझं नाव.

"गुण?" मी विचारलं.

"पाचातून ना? दोन लिहा. बराबर दोन." मग त्यांनी उरलेला तुकडा ताटासकट माझ्याकडे सरकवला. "आता खा. चाखायचं न्हाई म्हणू नका."

मी खाल्ला. कडेला कच्चा होता. गुण बरोबर होते.